बोटे काळी चारवर

वेस्ट मांबलम, चेन्नई
बुधवार, २० एप्रिल २००५

प्रिय कमलताई,

तीन गल्ल्या ओलांडल्या की तुझे दार येते, आणि तरीही मी तुला पत्र लिहिते आहे. आपले गिटारवाले व्यासराजअण्णा ते आज संध्याकाळी तुझ्या हाती देतील. समोर बसून सांगण्याचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा मी नेहमीप्रमाणे पार्श्वभूमीपासून सुरुवात केली आणि तू नेहमीप्रमाणे हसून म्हणालीस, "मास्तरीणबाई, धडा नको. हो की नाही, तेवढं सांग." दोन्ही वेळा मी "काही नाही गं" म्हणून उठले. येत्या रविवारी तू अमरसिंहांच्या बावीस वादकांच्या वाद्यवृंदाबरोबर तीन गाणी गाणार आहेस. त्याआधी तुला एक गोष्ट कळलीच पाहिजे, आणि ती अर्धवट कळण्यापेक्षा क्रमाने कळावी असे मला वाटते. तेव्हा एवढा एक धडा सहन कर. आणि एक विनंती: हे पत्र वाचून संपेपर्यंत गाऊ नकोस. स्वयंपाक करताना गुणगुणतेस, तसे गुणगुणूसुद्धा नकोस.

सुरुवात मी कार्डांपासून करते, कारण चूक तिथूनच सुरू झाली. आपला 'फोर बाय फोर' हा चौघांचा बँड एग्मोर स्टेशनसमोरच्या त्या हॉटेलच्या गच्चीवर दर शनिवारी वाजवू लागला, तेव्हा लोक आपल्याला जीप भाड्याने देणारी मंडळी समजत. नाव कुशलने सुचवलेले, त्यामुळे त्याच्या ड्रमना तू महिनाभर 'चाके' म्हणत होतीस. पहिल्याच वर्षी हॉटेलच्या व्यवस्थापकांनी तुला बाजूला घेऊन सांगितले होते, की कीबोर्डवाली बाई कधी हसत नाही, गिऱ्हाइकांना ती रागावलेली वाटते, दुसरी बघा. तू म्हणालीस, "ती मोजतेय हो. मोजताना कोण हसतं? ती नसेल तर मीही नाही." हे मला पुढे वर्षभराने व्यासराजअण्णांकडून कळले. तू स्वतः त्याविषयी एक शब्दही काढला नव्हतास. त्या दिवसापासून लोकांना आपण कसे दिसतो, कसे ऐकू येतो, याचे मला विलक्षण कुतूहल वाटू लागले. दिवसभर महाविद्यालयात ध्वनिलहरी शिकवणाऱ्या माणसाने त्या कानात शिरल्यावर त्यांचे काय होते, हे विचारू नये तर काय करावे? म्हणून २००३ च्या उन्हाळ्यापासून मी टेबलांवर कार्डे ठेवू लागले. प्रश्न तीनच होते. कोणते गाणे लक्षात राहिले? कुठे काही चुकले असे वाटले का? कोणाचे? कुशल म्हणाला, "मॅडम, तोंडी परीक्षा पण घ्या, जेवणानंतर." तरी त्यानेच दर टेबलाला एक पेन्सिल दोऱ्याने बांधून दिली.

त्या कार्डांतून जे निघाले ते इतके सुंदर होते, की आजही लिहिताना माझा हात जरा वेगाने चालतो. कुशलने लय वाढवली की लोक लिहीत, बाईंना दम पुरत नाही. अण्णांची तार उतरली की लोक लिहीत, गायिका बेसूर. म्हणजे उभे राहून ज्याचे तोंड उघडे दिसते, त्याच्या नावावर सगळ्यांच्या चुका जमा होतात. लोक डोळ्यांनी ऐकतात, ताई! मी ते तुला तक्ता काढून दाखवले आणि तू कपाळावर हात मारलास. "म्हणजे तुम्ही तिघं चुकायचं आणि शिव्या मी खायच्या? छान आहे तुमचं शास्त्र." आपण तेव्हा खूप हसलो. पण एक गोष्ट मी त्या तक्त्यात लिहिली नव्हती. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तुझ्या दुसऱ्या अंतऱ्यात मी मुद्दाम चुकीचे स्वर दाबले होते, केवळ पाहण्यासाठी. एकतीस कार्डे परत आली. अकरा जणांनी चूक ओळखली आणि त्यातल्या नऊ जणांनी ती तुझी ठरवली. (दहाव्याने लाउडस्पीकरला दोष दिला आणि अकराव्याने सांबाराला.) तू घरी जाताना स्टेशनच्या जिन्यावर थांबून मला विचारलेस, "आज अंतऱ्यात माझं काय झालं गं?" मी म्हणाले, "गच्चीवर वारा होता." माझे पहिले खोटे हे. ते इतके सहज पचले, की दुसरे बोलताना जीभ अडली नाही.

१७ जानेवारी २००४ च्या शनिवारी, पोंगलच्या आठवड्यात, एक कार्ड आले. अक्षर बाईचे, सुबक. ते कार्ड मी या पत्रासोबत जोडले आहे. तू ते पाहावेस, कारण ते तुझे आहे आणि पंधरा महिने माझ्या पर्समध्ये राहिले आहे. त्यावर एवढेच लिहिले आहे: तुमच्या गायिका वरच्या सुरात जातात तेव्हा मी माझ्या ताटाकडे बघते. त्यांना सांगणारे कोणी नाही का?

हे कार्ड कोणा दुसऱ्याच्या चुकीचे नव्हते. मीही ते महिनाभर ऐकत होते. वरच्या षड्जाच्या जरा अलीकडे तुझा आवाज दोरा घासल्यासारखा चिरफळत असे, आणि तू मान वर करून तो रेटत असस. शाळेत सहा तास हिंदी शिकवून येणारा गळा, त्याला थकवा आला असेल, असे मी मनाशी म्हटले. त्या बाईंच्या प्रश्नाचे सरळ उत्तर होते: सांगणारी आहे, मी आहे. पण तुला सांगायचे म्हणजे तुझा चेहरा बघायचा. ते मला जमेना. आणि माझ्या हाताशी एक बटण होते.

ते बटण काय करते, हे तू मला कधी विचारले नाहीस. तुझ्या लेखी कीबोर्ड म्हणजे वीज लागणारी पेटी. पेटीत काळी चार, म्हणजे तुझी नेहमीची पट्टी, दाबली की काळी चारच वाजते. कीबोर्डात मात्र सबंध पट्टी वर-खाली सरकवण्याची सोय असते. बटण एकदा दाबले की पडद्यावर उणे एक येते, आणि बोटे जिथल्या तिथे असली तरी सगळे स्वर अर्ध्या पायरीने उतरतात. तू सुरुवातीला नेहमी माझ्या बोटांकडे नजर टाकतेस, ती काळी चारवर आहेत ना हे पाहतेस आणि निश्चिंत होऊन डोळे मिटतेस. तुझ्यासारखा तयार कान स्वरास्वरांतले अंतर केसाइतके अचूक धरतो. पण आधाराचा सा कुठे ठेवला आहे, हे तो समोरच्या वाद्यालाच विचारतो. विचारल्याशिवाय सांगू शकणारे कान हजारांत एखादे असतात. तुझे तसे नाहीत, माझेही नाहीत. यात कमीपणा काहीच नाही; कान असाच घडलेला आहे. मी त्याच्या या घडणीचा फायदा घेतला, एवढेच.

७ फेब्रुवारीला मी पहिल्यांदा ते बटण दाबले. अण्णांना सांगणे भागच होते. गिटारच्या मानेवरचा त्यांचा पट्टी ठरवणारा चिमटा चौथ्या घरावरून तिसऱ्यावर आणला नसता, तर आमची दोघांची वाद्ये भांडली असती. त्यांनी चिमटा सोडवून हातात घेतला. "समस्तांस ठावें, आणि एकटीसच ठावें नाहीं. हें कसलें, अक्का?" मी त्यांना एकच महिना म्हटले. त्यांनी चिमटा सरकवला, पण त्या रात्री माझ्याबरोबर कॉफी घेतली नाही. पुढे एकदा तुझी नजर त्या चिमट्यावर गेली होती, आठवते? "अण्णा, हा खाली कसा आला?" तू विचारलेस. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवी तार घातली, अम्मा." सत्तावीस वर्षे विमा कंपनीत काढून कधी कोणाला न फसवलेल्या माणसाने माझ्यासाठी तुला फसवले. कुशलच्या ड्रमना पट्टी नसते, त्यामुळे त्याला सगळ्यात शेवटी कळले. दोन सरावांनंतर तो म्हणाला, "मॅडम, आमच्या कंपनीत चूक दुरुस्त न करता झाकली तर ती पुढच्या माणसाच्या नावावर चढते. इथे पुढचा माणूस कोण?" मी त्याला लय सांभाळ म्हणाले.

एक महिना कधीच संपला नाही. जूनमध्ये उणे दोन झाले, ऑक्टोबरमध्ये उणे तीन. दरवेळी महिना-दोन महिने तुझा आवाज मोकळा वाटायचा आणि मग चिरफळी नव्या उंचीवर येऊन उभी राहायची. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. थकलेला गळा विश्रांतीने सुधारतो. हा तर मी खाली उतरले की माझ्यामागोमाग खाली उतरत होता. मी रोज मुलींना सांगते की निरीक्षणे एकाच दिशेने सरकत असतील, तर कारण शोधा. स्वतःच्या वहीत तीच रेघ समोर दिसत असताना मी दुसऱ्याच आलेखाकडे बघत बसले. कारण कार्डे गोड येऊ लागली होती. बाईंच्या आवाजात मध आला आहे. पूर्वीपेक्षा किती शांत गातात. आणि खरे लिहायचे तर मला त्या यशाची चटक लागली. तुझ्यावरच्या मायेने मी हे केले, असे मी स्वतःला सांगत आले. त्यात माया होती. पण आपला प्रयोग जमतो आहे, याचा आनंदही होता, आणि दोन्हींत किती कोणते, याचे माप मी कधी घेतले नाही.

डिसेंबरात त्सुनामी आली. नववर्षाचा कार्यक्रम रद्द झाला, हॉटेलने गच्ची तीन शनिवार बंद ठेवली. २२ जानेवारीला आपण परत उभे राहिलो तेव्हा तू घाबरलेली होतीस. मी त्या दिवशी अण्णांना चिमटा काढायची खूण केली आणि न विचारता उणे चार केले. तू डोळे मिटलेस, वरच्या सुराकडे निघालीस आणि तो अलगद लागला. गाणे संपल्यावर तू माझा दंड इतक्या जोराने दाबलास की वळ उठला. "आला गं! परत आला!" तू म्हणालीस. माझी बोटे काळी चारवर होती आणि ऐकू येत होती चार अर्ध्या पायऱ्या खालची पांढरी तीन. अण्णा तारा पुसायला खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

तुला तुझ्या गुरुजींच्या सांगण्यावरून घरी फक्त खर्जाचा रियाज करायचा होता, वरचे सूर शनिवारसाठी राखून ठेवायचे होते. त्यामुळे आधाराचा सा धरून ठेवणारी तुझी श्रुतीपेटी तुला काहीच सांगू शकली नाही. ती तुझ्याशी खालच्या सुरांतच बोलत राहिली. तुझ्या घरी जे वाद्य खरे बोलले असते त्याला तू वरचे काही विचारलेच नाहीस, आणि ज्याला विचारलेस ते माझ्या ताब्यात होते.

मग मार्चमध्ये अमरसिंह गच्चीवर जेवायला आले. त्यांनी तुझे गाणे ऐकले आणि तुला रविवारच्या कार्यक्रमाचे विचारले. तू होकार दिलास तेव्हा मी शेजारीच उभी होते. ताई, त्या क्षणापासून मला नीट झोप नाही. परवा, सोमवारी, मी त्यांना फोन केला. तुझे नाव न घेता, सहज चौकशी केल्यासारखे विचारले, की गाणी थोडी खालच्या पट्टीत घेता येतील का. ते हसले. "मॅडम, बावीस माणसांपुढे बावीस कागद आहेत. सगळे मूळ पट्टीचे. आमच्याकडे बटण नाही." त्यांना काहीच ठाऊक नव्हते, तो शब्द त्यांच्या तोंडी सहज आला. मी मात्र आभार न मानताच फोन ठेवला. बघ, इतके होऊनही माझी पहिली धाव पुन्हा तुझ्या पाठीमागून पट्टी उतरवण्याकडेच होती. ते जमले नाही, तेव्हा मी गप्प राहायचे ठरवले. रविवारी जे होईल त्याला सभागृहातला उकाडा, दिव्यांची धग, नवे वादक, काहीही कारण देता आले असते. लोकांनी तुझ्या नावावर काय जमा केले असते हे मला कार्डांवरून पाठ आहे, आणि तरीही मी गप्प राहणार होते. हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

ते कालपर्यंत. काल संध्याकाळी मांबलम स्टेशनच्या जिन्यावर तू मला गाठलेस. तुझ्या हातात टी. नगरच्या दुकानातली पिशवी होती, रविवारसाठी घेतलेली मोरपंखी साडी. पुलावरच्या गर्दीत धक्के खात तू ती अर्धी उलगडून दाखवलीस आणि मग, आता सांगायला हरकत नाही म्हणून, जे गेले पाच महिने आम्हा तिघांपासून लपवले होतेस ते सांगितलेस. नोव्हेंबरमध्ये तू एकटीच घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होतीस. त्या म्हणाल्या होत्या, मार्चअखेर वरचे सूर आपोआप परतले तर काळजी नाही. नाही परतले तर दुर्बीण घालून स्वरतंतूंवर काय आहे ते पाहायलाच हवे, उशीर करायचा नाही. आम्ही दुसरी गायिका शोधू, या भीतीने तू बोलली नाहीस. आणि गेल्या आठवड्यात तू ती तपासणी रद्द केलीस. "म्हटलं, डॉक्टर, दर शनिवारी काळी चारचा वरचा सा लागतो. खोटं वाटत असेल तर माझ्या देविकाला विचारा!" असे म्हणून तू पिशवी छातीशी धरून हसलीस, आणि मी तुझ्याबरोबर हसले, आणि घरी येऊन दार लावून घेतले.

या पत्रासोबत ते कार्ड आहे, माझी वही आहे आणि गेल्या शनिवारची कॅसेट आहे. श्रुतीपेटीवर काळी चार लाव आणि कॅसेट सुरू कर. गाऊ नकोस, फक्त ऐक. दोन्ही जुळणार नाहीत. मग पेटी पांढरी तीनवर आण. रविवारी गायचे की नाही, हे तू ठरव. अमरसिंहांना मी आता काही कळवणार नाही, आणि डॉक्टरीणबाईंची वेळही मी परस्पर घेतलेली नाही. तुझ्या पाठीमागे यापुढे मी काहीच करणार नाही. उद्या सकाळी सात वाजता मी तुझ्या दारात उभी असेन. दवाखान्यात बरोबर नेलेस तर येईन, आणि दार उघडले नाहीस तर जिन्यात बसेन. गोळीने बरे होणारे असेल, नुसत्या मौनाने बरे होणारे असेल, किंवा आणखी काही असेल. ते मला माहीत नाही, आणि ज्या दुर्बिणीने ते कळले असते तिच्यासमोर माझे बटण उभे राहिले. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारले नाही. तू मात्र नेहमी विचारतेस, धडा नको, हो की नाही तेवढं सांग. तर ताई, वरचा सा परत आला का? नाही.

तुझीच,
देविका